अनवाणी सात वर्षं

डॉक्टरीणबाईंनी मला पाण्याच्या परातीत पाय बुडवायला सांगितलं आणि मग कोरड्या फरशीवर उभं केलं. मी बाजूला झाले तेव्हा फरशीवर दोन ओले ठसे उमटले होते. चांगल्या पायाचा ठसा मध्ये आत गेलेला असतो. टाच आणि चवडा यांना जोडणारी एक पट्टी तेवढी दिसते. माझे ठसे थापलेल्या भाकरीसारखे सपाट होते.

"जो, गोदावरी, वच्चे कंई खाली छे?" बाईंनी विचारलं. मध्ये रिकामं काहीच नव्हतं. "फ्लॅट फूट," त्या म्हणाल्या. म्हणजे पायाखालची कमान खचते आणि सगळा तळवा जमिनीला टेकतो.

डावा पाय त्याहून पुढे गेला होता. एक्स-रे उजेडापुढे धरून त्यांनी मला बोटामागच्या हाडावरची केसाएवढी रेघ दाखवली. त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. पडून-झडून नव्हे, तर चालून चालून, उभं राहून राहून हाड तडकतं. बाई पारशी होत्या, त्यांचं मराठी अर्धं गुजराती असे. "आ तो पलटणीतल्या शिपायाला होते," त्या म्हणाल्या, "तू कुठली लढाई करून आली?"

मी हसले. मग त्यांनी पुढचं सांगितलं. चार आठवडे बिछान्यात पडायचं, डावा पाय जमिनीला लावायचा नाही. पाय सुधारले तर पुन्हा वॉर्ड. नाही सुधारले तर कपड्यांच्या कोठीत बसून पट्ट्या गुंडाळायच्या, कायमच्या. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

नव्याने नर्सिंगला येणाऱ्या मुलींसाठी मी हे लिहिते आहे. पट्ट्या गुंडाळण्यात रडण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

मी सोळाव्या वर्षी विधवा झाले. सासरी मला पांढऱ्या पायाची म्हणत. वर्षाच्या आत त्यांनी मला रावपुऱ्यात दादाकडे आणून सोडलं. दादा माझा भला माणूस, वहिनीही वाईट नव्हती. पण तिच्या डोहाळजेवणाच्या दिवशी ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा आतच बसा हं." मी मागच्या खोलीत बसून बाहेरच्या बायकांचं हसणं ऐकलं. मी दारात दिसले की माणसं गप्प होतात, याची मला सवय झाली होती.

पुढे संस्थानच्या दवाखान्यात मुलींना नर्सिंग शिकवतात असं दादाने कचेरीत ऐकलं आणि माझं नाव घातलं. बायकांच्या वॉर्डात पहिल्या आठवड्यातच नवल घडलं. मी आत पाऊल टाकलं की वीस खाटांवरच्या माना माझ्याकडे वळत. कुणाला पाणी हवं, कुणाला कूस बदलून हवी, कुणाला नुसतं बोलायला माणूस हवं. "गोदूबेन आवी," असं एकीने दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं. त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नाही.

अडचण एकच होती. आमच्याकडे सोवळ्याच्या बायका पुष्कळ येत. मी ब्राह्मणाची म्हणून माझ्या हातचं पाणी त्यांना चाले, पण माझ्या पायात चामडं असलं की त्या तांब्याला हात लावत नसत. मेट्रनबाईंचा हुकूम तर असा की नर्सच्या पायात जोडे हवेत. मी दाराशी जोडे काढून आत जाऊ लागले. दिवसातून चाळीस वेळा काढ-घाल कोण करणार? शेवटी जोडे दाराशी शोभेला राहिले आणि मी शहाबादी फरशीवर अनवाणी. मेट्रनबाईंच्या टाचा व्हरांड्यात वाजल्या की धावत जाऊन ते चढवायचे, त्या गेल्या की पुन्हा काढायचे. असं सात वर्षं चाललं.

खरं सांगायचं तर जोडे निघाल्याचं मला दुःखही नव्हतं, कारण ते चावत. चावणारच. मोच्यापुढे पाय करणं आमच्या घरच्या बायकांना लाजिरवाणं. मी घरात पाटावर बसून दोऱ्याने माप घेतलं होतं आणि तो दोरा दादाबरोबर मोच्याकडे पाठवला होता. दोऱ्याला काय ठाऊक त्या पायांवर दहा-बारा तास उभं राहायचं आहे!

दुखणं हळूहळू आलं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा रुतल्यासारखं व्हायचं, दहा पावलांनी सुटायचं. मग संध्याकाळी घोटे सुजू लागले. नर्सने वॉर्डात बसायचं नाही, हा मेट्रनबाईंचा दुसरा नियम, आणि तो मी भक्तिभावाने पाळला. दुसऱ्यांचा ताप दिवसातून दोनदा मोजायचा आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढायचं, यात आम्हा नर्सांचा हात कोण धरणार? एके दुपारी चादरींचा गठ्ठा घेऊन जाताना डाव्या पायात काहीतरी कट्कन झालं. तरी मी पाळी पुरी केली. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे गेले.

मला खाट मिळाली ती माझ्याच वॉर्डात, डाहीबांच्या शेजारी. डाहीबा पादरा गावाकडच्या पटेलांच्या घरातल्या. मांडीचं हाड मोडल्यामुळे पायाला वजन टांगून महिनाभर पडून होत्या. सोवळ्यात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. मेट्रनबाईंच्या फेरीत माझ्या पायात चामडं दिसलं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला हटकलं होतं, आणि नंतर माझ्याशिवाय दुसरीच्या हातचं पाणी त्यांना गोड लागत नसे.

पहिले तीन दिवस मी झोपून काढले. चौथ्या दिवसापासून मला वॉर्डाची आठवण येऊ लागली, आणि मी वॉर्डातच पडले होते! दुसऱ्या नर्सा खाटांमधून फिरत. मी डोळे मिटून त्यांची पावलं ऐकत असे. आता सातव्या खाटेपाशी थांबली, आता थर्मामीटर झटकलं, आता खिडकी लावली. तिथे मी असायला हवी होते. कुणी मला पाणी विचारलं की मला राग येई, कारण मला पाणी नको होतं, तांब्या हवा होता. दादा भेटायला आला आणि म्हणाला, "कोठी काय वाईट आहे? निवांत बसून काम." मी त्याला नको ते बोलले. बिचाऱ्याने खंडेराव मार्केटातून माझ्यासाठी सीताफळं आणली होती. ती मी दोन दिवस शिवले नाही.

दोन आठवड्यांनी बाईंनी व्यायाम दिला. खाटेच्या कडेला बसून पायाच्या बोटांनी चिंचोके उचलायचे आणि वाटीत टाकायचे. त्याने तळव्याचे स्नायू घट्ट होतात. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मी तीन उचलले. डाहीबा पडल्या पडल्या मोजत होत्या. "त्रण! मारो बळद एटलामां खेतर खेडी नाखे," त्या म्हणाल्या. तेवढ्या वेळात त्यांचा बैल शेत नांगरून टाकतो, हे ऐकून सगळा वॉर्ड हसला. आठवड्याने मी वीसवर पोचले.

त्याच सुमारास ते झालं. सकाळच्या फेरीत, माझे पाय कशाने बिघडले ते डाहीबांनी बाईंना विचारलं, "आ छोकरीना पग केम बगड्या?" बाईंना आडपडदा ठाऊक नव्हता. त्या सरळ म्हणाल्या, "तमारा पाणी माटे. सात वरस उघाडे पगे फरी छे." सोवळ्याच्या पाण्यापायी मी सात वर्षं अनवाणी फिरले, हे ऐकताच डाहीबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दोन दिवस चिंचोके मोजायलाही त्यांनी मान वळवली नाही. बाईंना हे सांगायची काय गरज होती, म्हणून मी मनात धुमसत होते. म्हाताऱ्या बाईला अपराधी वाटायला लावायचं आणि वर माझी एकुलती एक शेजारीण तोडायची!

चौथ्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे झाला. रेघेच्या जागी हाडाची पांढरट गाठ धरली होती. तिला कॅलस म्हणतात, म्हणजे हाड सांधत आलं. मग बाईंनी मोच्यालाच व्हरांड्यात बोलावलं. मी कागदावर उभी राहिले आणि त्याने पेन्सिलने माझ्या पायाभोवती रेघ काढली. उभं राहिल्यावर वजनाने पाय पसरतो, बसल्या मापाचा जोडा म्हणून चावतो, हे त्याने मला समजावलं. मला वाटलं होतं लाजेने मरेन. तसं काही झालं नाही. तो बापडा कागद बघत होता.

जोडे आले. आत कमानीखाली बुचाच्या लाकडाची आणि चामड्याची उशी होती. बाईंची अट दोन शब्दांची नव्हती, चांगली लांब होती. पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत जोडे पायात हवेत. दर तासाला दहा मिनिटं वॉर्डातल्या स्टुलावर बसायचं. मेट्रनबाईंना त्यांनी याला कसं राजी केलं, देव जाणे. "आणि जोडे एकदा पण दाराशी दिसले," त्या म्हणाल्या, "तर तू कोठीत."

मुलींनो, त्या सकाळी मी दारापाशी बराच वेळ उभी राहिले. जोड्यांशिवाय वॉर्ड नाही. पण जोडे घालून आत गेल्यावर मी त्यांना हवी असेन का? नको असेन, तर मग वॉर्ड काय आणि कोठी काय?

मी आत गेले. फरशीवर जोडे इतके वाजत होते की मलाच चोरट्यासारखं वाटलं. माना वळल्या. मी तांब्या-भांडं घेऊन आधी डाहीबांकडेच गेले, होऊन जाऊ दे काय ते. त्यांनी हात पुढे केला, माझ्या पायांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मी खाली वाकले. जोड्याच्या बंदाला हात घातला, हे मी लपवणार नाही. कोठी मला त्या क्षणी आठवलीही नाही.

"ए छोकरी!" डाहीबा ओरडल्या. "पाणी त्यां स्टूल पर मूक, हुं जाते लई लईश. पण जोडा काढती नहीं."

जोडे पायातच ठेवून मी तांब्या स्टुलावर ठेवला; हातातून हातात नको, म्हणून पाणी त्या आपणच उचलून घेणार होत्या. त्यांनी टांगलेल्या वजनासकट कण्हत हात लांबवला, भांडं भरून घेतलं आणि प्यायल्या. अर्धं पाणी चादरीवर सांडलं. ती चादर मी बदलली.

दोन महिन्यांनी त्या घरी गेल्या. तोवर रोज पाणी स्टुलावरच ठेवलं. त्यांनी नेम मोडला नाही आणि मीही जोडे काढले नाहीत. त्यांच्या हातात तांब्या द्यावा असं मला रोज वाटे, अजूनही वाटतं, आणि ते आता व्हायचं नाही. माझी कमान पूर्ण परतली नाही, थंडीत डावा पाय ठणकतो. पण मी वॉर्डात आहे. तुम्हीही उभ्या पायाचं माप द्या, टाच बोलू लागली की तिचं ऐका, आणि बसायला लाजू नका.

डॉक्टरीणबाईंची मी ऋणी आहे, त्या मोच्याचीही आहे. पण सर्वांत जास्त डाहीबांची. माझ्या पायांबद्दल लोक आजवर पुष्कळ बोलले होते. ते दुखू नयेत म्हणून माझ्यावर ओरडलं मात्र कुणी नव्हतं.