दीड भाकरीचं पथ्य

दुष्काळाच्या त्या वर्षी सारा पारनेर तालुका वाळत चालला होता आणि मी, प्राथमिक शाळेचा मास्तर, तेवढा अंगानं सुटलो होतो. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, "साखर, तूप, भात बंद. एका वेळी दीडच भाकरी, पालेभाजी, आणि रोज चालायचं." साखर-तूप घरात नव्हतंच. बंद करण्यासारखी भाकरीच उरली होती. ती मी तीनावरून दीडवर आणली आणि दोन महिने सगळ्यांवर खेकसत राहिलो.

पीकच नसल्यानं बाजारातल्या आडत्याचा काटा रिकामा पडलेला असायचा, म्हणून तो माणसं हौसेनं तोलायचा. पथ्य सुरू करताना मी आणि बायको दोघंही त्यावर उभे राहिलो होतो. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. माझं वजन पाच किलोनं उतरलं होतं. बायकोचं तीन किलोनं वाढलं होतं.

"तू असं खातेस तरी काय?" मी चिडूनच विचारलं.

"तुमचं झाल्यावर भाकरीच्या दुरडीत जे ऱ्हातं, ते. पयल्यापासून तेच खाती."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दुरडीत किती राहतं, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.