चंदेरी रंगाखालची बोट

लोक निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी जातात. आमच्या बोटींच्या यार्डातला स्टोअरकीपर लेखराम निवृत्त झाला तेव्हा तो शिडाची बोट घेऊन गेला. भंगारात निघालेली, वीसएक फुटी, लाकडी. ती त्याने ट्रकवर चढवली आणि मुंबईहून थेट गोंदिया जिल्ह्यात नेली, जिथे समुद्र फक्त शाळेतल्या नकाशावर दिसतो. यार्डात आम्ही आठवडाभर हसलो. मग दोन वर्षांनी, २००७ च्या दिवाळीत, त्याचा फोन आला.

"टर्नबकल (तार ताणायचे पेच) जरा जाम झालेत. मंडईच्या आत ये आणि मोकळे करून दे. बाबूजींना बोटीत बसवून तळ्यात फिरवायचं आहे."

मंडई म्हणजे भाजीची नव्हे. दिवाळी सरली की तिकडे गावोगाव एकेका दिवशी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. सगळ्या पाव्हण्यारावळ्यांनी त्या दिवशी त्या गावी यायचं, जेवायचं, दंडार (नाचगाण्याचा खेळ) पाहायची आणि यजमानाच्या घरात नवं काय आलंय ते डोळ्यांनी मोजून जायचं. लेखरामने चार गावांत सांगून ठेवलं होतं की यंदा माझा बाप शिडाच्या बोटीत बसणार.

माझं काम डोलकाठीच्या तारांचं. शिडाच्या बोटीची काठी खांबासारखी पुरलेली नसते. पोलादी तारा तिला समोरून आणि दोन्ही अंगांनी ताणून धरतात आणि त्या तारा बोटीच्या कडेला बोल्टांनी बसवलेल्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. एक पट्टी सुटली की काठी आडवी. या पट्ट्या धड आहेत की सडल्या आहेत हे बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. पिशवीत दोन नवे टर्नबकल, करवत, पाने आणि तेलाचा डबा घेऊन मी निघालो. नागपूर सोडल्यावर समोरच्या गृहस्थांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. गोंदियाला, बोट दुरुस्त करायला, असं मी सांगितलं. त्यांनी आपली बॅग हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

गोंदियात उतरलो आणि मराठी संपली. हमाल हिंदी, चहावाला हिंदी, स्टेशनबाहेर भांडणारे दोन रिक्षावाले हिंदी. हवेत राइस मिलच्या कोंड्याचा वास होता, तो नाकात बसला की पुढे दिवसभर सगळं भातासारखंच लागतं. बल्लारशाकडची पॅसेंजर पकडून सौंदडला उतरलो. लेखराम मोटारसायकल घेऊन उभा होता. तीस वर्षं मुंबईत काढून शुद्ध मराठी बोलायला शिकलेला हा माणूस, पण गावचा रस्ता लागल्याबरोबर म्हणाला, "बस लवकर, बाबूजी वाट पाहून राहिले."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून झालेलं होतं. मधूनमधून पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) उभे होते. लेखरामचं घर पोवारांचं (तिकडच्या शेतकरी समाजाचं), चांगलं ऐसपैस. बाबूजी सपरीत (ओसरीत) खाटेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज ठणठणीत. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तू बी त्याच कारखान्यातला का गा?"

मी हो म्हणालो.

"लोकायचे पोट्टे मुंबईवून पैसा आनतेत. आमच्यानं लाकूड आनलं. आता आमच्या इकडं जंगल हाय, लाकूड काई कमी नोयतं."

लेखराम खाली मान घालून माझी पिशवी आत घेऊन गेला. नंतर त्याच्या बायकोकडून कळलं की हे वाक्य बाबूजींनी गेल्या दोन वर्षांत येईल त्या पाव्हण्याला ऐकवलं होतं. त्याआधीची तीस वर्षं दुसरं एक वाक्य चालायचं: शेती सोडून दुसऱ्याचे खिळे मोजायले गेला. आता मंडईच्या निमित्ताने म्हाताऱ्याने बोटीत बसायला होकार दिला होता. लेखरामने त्या होकारावर सगळं पणाला लावलं होतं.

जेवण मात्र असं की नावं ठेवायला जागा नव्हती. चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात, तळ्यातल्या मरळ माशाचा झणझणीत रस्सा आणि लाखोरीची डाळ. तुडुंब जेवून आम्ही तळ्यावर गेलो.

तळं जुनं, मालगुजारी (जमीनदारीच्या) काळातलं. अर्ध्यावर कमळं, पलीकडे ढिवरांचे (मासेमारांचे) डोंगे. आणि अलीकडच्या काठाला लेखरामची बोट. उन्हात ती इतकी लखलखत होती की मी डोळे बारीक केले.

"रंगवलीस?"

"पूर्ण," तो अभिमानाने म्हणाला.

पूर्ण म्हणजे पूर्ण. चंदेरी रंग. तारा चंदेरी, कप्प्या चंदेरी, टर्नबकलच्या आट्यांत चंदेरी. दिवाळीला तिकडे घर रंगवतात, बैलबंडी रंगवतात, त्याच हप्त्यात बोटही उरकली होती. रंगारी गावातलाच. राइस मिलचे पत्रे रंगवणाऱ्या त्या माणसाने बोटीवरही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पेच जाम का झालेत हे विचारायची गरज उरली नाही.

मी चिंधी घेऊन तारेवरून फिरवली. ती चार ठिकाणी अडकली, म्हणजे तारेतले धागे तुटून काट्यांसारखे वर आले होते. डाव्या पट्टीच्या बुडाशी रंगातूनही तपकिरी ओघळ उतरला होता. बॅटरी घेऊन आत शिरलो. पट्टी डेकच्या फळीतून खाली जिथे जाते तिथे, समुद्राचं जुनं मीठ आणि ओल धरून, ती पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटली होती. पाऊण रुंदीपर्यंत चीर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

"लेखराम, ही पट्टी गेली. बाबूजींना यात बसवायचं नाही."

"अरे, स्टेनलेस आहे ते! स्टेनलेसला गंज लागत नाही, हे तूच स्टोअरला येऊन सांगायचास."

"उशिरा लागतो आणि लपून लागतो, एवढंच."

"मग नवी पट्टी कर."

खरा तिढा तिथेच होता. पट्टी करायला दोन तासांचं काम, पण मंडईच्या दिवसांत कारागीर मिळत नाही. फिटर साकोलीकडे सासरच्या मंडईला गेलेला, लेथवाला मेव्हण्याच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लेखरामच्या गावची मंडई. एवढ्यात जमलेल्या लोकांनी सल्ले सुरू केले. एक म्हणाला, तार काढून नायलॉनचा दोर बांधा. दुसरा म्हणाला, नारळ फोडला का जी? डोंग्यातून जाणारा एक ढिवर थांबला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आमच्या डोंग्याले तार नाई, पट्टी नाई. तरी चालते." आणि वल्हवत निघून गेला. त्याच्याशी मी पूर्ण सहमत होतो.

वेल्डर मात्र सापडला, मुन्ना नावाचा. हा कुठल्याच मंडईला जात नव्हता, कारण त्याला कुणी बोलावत नव्हतं. का, ते लवकरच कळलं. "साहब, हमने राइस मिल का बॉयलर जोड़ा है, ये क्या चीज है! टाका मारून देतो, तुमच्या मुंबईपर्यंत जाईल." मी त्याला नीट समजावलं की सडलेल्या धातूवर टाका धरत नाही, वरून धरल्यासारखा दिसतो आणि बाजूने फाटतो. त्याने तीन वेळा मान डोलावली. मी म्हटलं, गडी समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाम टर्नबकल करवतीने कापून मी नवे बसवले, तार सैल ठेवली आणि घरी गेलो. सुवारी (पुऱ्या) आणि वडे खाऊन परत येतो तो डाव्या पट्टीवर पेढ्याएवढा टाका आणि त्यावर ताजा, ओला चंदेरी रंग. मी जेवत असताना उरकलं होतं. मुन्ना बिडी ओढत होता. लेखराम माझी नजर चुकवत होता. मला असा संताप आला की पाना हातातून पाण्यात फेकणार होतो, पण पाना माझा होता.

दुपारपर्यंत तळ्याच्या पाळीवर (बांधावर) माणूसच माणूस. भज्यांच्या कढया, फुगे, बांगड्यांची दुकानं, तोंडाला रंग लावलेले दंडारवाले. लेखरामचे व्याही पुढच्या रांगेत खुर्चीवर. आणि बाबूजी आले. पांढरं स्वच्छ धोतर, नवा पटका, दाढी करून तेल लावलेलं. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "पोट्ट्याची हौस हाय, बसतो थोडा वेळ." पण चाल नवरदेवासारखी होती.

मी लेखरामला बाजूला घेतलं. "ऐक. आधी रिकामी बोट. तुझ्या लोकांसमोर मी तार नेहमीएवढी ताणतो. टिकली तर बाबूजींना खुशाल बसव, मी स्वतः बरोबर बसेन. नाही टिकली तर नाही."

"टिकणार," तो म्हणाला. "ताण."

मी काठावर गुडघ्यांवर बसून डाव्या टर्नबकलला पाना लावला. गर्दी पुढे सरकली. दोन आटे फिरवले. बाबूजी काठी टेकत अगदी पाण्याशी येऊन उभे होते. तिसऱ्या आट्याला तारेतून एक बारीक कुरकुर ऐकू आली. मी हात थांबवून लेखरामकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताण ना." चौथा आटा अर्धाही झाला नव्हता आणि फाट्‌ असा आवाज झाला. मुन्नाचा टाका जसाच्या तसा तारेबरोबर वर उडाला, पट्टी त्याच्या खाली फाटली आणि डोलकाठी झेंड्यासकट, तोरणासकट, पलीकडे कमळांत आडवी झाली. उडालेल्या पाण्याने दंडारवाल्यांचा रंग ओघळला. कुणाला इजा झाली नाही.

मग कुठूनतरी एक हसू फुटलं आणि ते सगळ्या पाळीवर पसरलं. व्याही हसले. भजीवाला हसला. लेखराम तसाच उभा होता, हात लोंबकळत, तीस वर्षं मुंबईत काढलेला माणूस. मला माझंच म्हणणं खरं ठरल्याची लाज वाटली. तरीही मी पट्टीचा तुकडा उचलला, त्यातली तपकिरी चीर लोकांना दाखवून दोन शब्द सांगावेत, निदान हे आधीच सांगितलं होतं एवढं तरी, असं वाटलं.

तेवढ्यात बाबूजींची काठी जमिनीवर आपटली.

"हासता कायले बे?"

हसू थांबलं.

"माह्या पोट्ट्यानं मुंबईवून आनली हे बोट. दोन वरसं उभी होती इथं, हालली बी नाई. ह्या मानसानं हात लावला आन् पडली. ह्याले विचारा काऊन मोडली ते. माह्या पोट्ट्याले काऊन हासता?"

चार गावांची माणसं एका वेळी माझ्याकडे वळली. गंमत म्हणजे म्हातारा एक शब्द खोटा बोलला नव्हता. मी हात लावला होता आणि ती पडली होती. मी तोंड उघडलं. बाबूजी माझ्याकडेच बघत होते, डोळे वटारून, पण त्या वटारण्यात विनंती होती. मी पट्टीचा तुकडा पिशवीत टाकला आणि म्हणालो, "जरा जास्त ताणली गेली."

"आयकलं?" बाबूजी गर्दीला म्हणाले. मग लेखरामचा दंड धरून त्याला व्याह्यांच्या शेजारी नेऊन बसवलं आणि स्वतः त्याच्या बाजूला बसले. दंडार सुरू झाली. माझ्यासाठी खुर्ची कुणी सोडली नाही. मुन्नासुद्धा मला टाळून उभा राहिला.

संध्याकाळी लेखराम म्हणाला, "बाबूजींचं बोलणं तुला फार लागलं का?"

"लागलं," मी म्हणालो.

"मले नाई," तो म्हणाला आणि एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. त्याच्या बापाने आजवर कधी चारचौघांत त्याची बाजू घेतली नव्हती.

निघताना बाबूजींच्या पाया पडलो. त्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं.

"ते लोखंड सडलं होतं ना गा?"

"हो. तुम्हाला माहीत होतं?"

"खुर्पी पन अशीच फुगते, मंग तुटते. रंगानं का होते?"

"मग बसणार होतात कशाला?"

"पोट्टा बस म्हणून राहिला होता," ते वैतागून म्हणाले, जणू मीच काहीतरी बावळट विचारलं. "पोयता येते मले."

सौंदडच्या फलाटावर चहावाल्याने पैसे घेताना मला निरखून पाहिलं. "बोट मोडनारे तुमीच का जी?" मी हो म्हणालो. त्याने मला उरलेला, तळाचा गाळ असलेला चहा दिला. तोवर माझी कीर्ती पुढे गोंदियापर्यंत गेली असणार अशी माझी खात्री होती. गाडीत बसल्यावर हसू आलं आणि त्याच्यामागून थोडा रागही. पंचवीस वर्षांत एकही काठी पाडली नाही, असं मी यार्डात नव्या पोरांना सांगत असतो. हे वाक्य आता बदलावं लागणार होतं. माझा बाप असता तर त्याने माझ्यासाठी एखाद्या परक्याचा असा बळी दिला असता का, हा विचार नागपूरपर्यंत मला सोडेना. दिला असता, असं मला वाटून घ्यावंसं वाटलं.

महिन्याभराने लेखरामचा फोन आला. दोन नव्या पट्ट्या आणि तारा पाठव म्हणाला. बाबूजी रोज विचारतात, काठी कधी उभी करतो म्हणून. मी म्हटलं, पाठवतो कशाला, घेऊनच येतो आणि बसवून देतो.

"नको," तो म्हणाला. "पट्ट्याच पाठव. तू हात लावलेला गावाला चालणार नाही."