उपटलेला गवती चहा

मंडळी, आज सकाळी आपल्या कर्जतच्या सोसायटीच्या चेअरमननी मला बजावलं, "काका, गेटजवळचं ते गवत संध्याकाळपर्यंत उपटून टाका. शोभत नाही."

गवत? अहो, माझा गवती चहा आहे तो!

मला आई आठवली. सत्तरच्या दशकात आम्ही इथेच एका चाळीत राहायचो. मोरीच्या सांडपाण्यावर आईचा गवती चहा कमरेएवढा झाला होता. चाळमालक दारात येऊन खेकसला, "हे रान काढ, नायतर खोली खाली कर."

आई म्हणाली, "काढते की! आमी नाय कुठं म्हनलं?"

तिने अख्खा ठोंब खणला, पाती छाटली, मुळासकट फुटवे सुटे केले आणि चाळीतल्या आठही मोऱ्यांमागे एकेक लावला. पावसाळ्यात आठ ठोंब डोलायला लागले. आठ बायकांशी भांडायला मालक काही आला नाही.

आज मीही सांगितलं तसंच केलं. ठोंब उपटला. बारा फुटवे निघाले, ते जिन्याखाली बादलीत ठेवलेत. आपापल्या दारात लावा.

पहिला चेअरमनवहिनी घेऊन गेल्यासुद्धा. उरलेले अकरा कोण नेतंय?