शिदबाचे तीन बादशा

पत्त्यातली लबाडी मी नुसत्या वासावरनं वळखतो, असं गावभर मिरवत आलोय. आता चहा घ्या, अन् त्याच वासानं माझी कशी जिरवली ते ऐका.

उंब्रजजवळ आमचं गाव. उसाला पाणी लावलं की दुपारी गुऱ्हाळाच्या छपरात आमी तिघं तीन पत्ती खेळायचो. मी, बांगलादेशच्या लढाईनंतर फौजेतनं पेन्शनीवर आलेले माझे दाजी, अन् लहानपणापासनंचा दोस्त शिदबा. पैसं न्हाईत, चिंचोकं लावायचो. पण चिंचोकं गेलं तरी माझं डोकं फिरायचं. घरी जाऊन ताट बाजूला सारायचो अन् उपाशी झोपायचो. असला स्वभाव, काय करता?

औंदा पोटात गाठ आली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त नाही तुमच्या. महिनाभर पोटभर जेवा, मग ऑपरेशन करू. असंच केलं तर टेबलावरून उठणार नाही."

लय भ्यालो मी. खोटं कशाला बोलू?

अन् गंमत बघा, मिरजेवरनं आल्यापासनं मी हरंनाच. रोज चिंचोक्यांनी धोतराचा सोगा भरून घरी यायचो अन् दाबून जेवायचो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. दाजी माझ्या तोंडाकडं बघून पानं टाकत्यात, शिदबा नजर चोरतोय. हे दोघं मिळून कायतरी शिजवत्यात, दुसरं काय?

एका दुपारी हातात दुर्री, पंजी अन् सत्ती. निव्वळ कचरा. तरी मी चाल वाढवत गेलो. शिदबानं डाव सोडून पानं खाली टाकली. मी झडप घालून ती उलटी केली.

तीन बादशा.

"तीन बादशा घेऊन पळतोस व्हय रं? काय कट हाय तुमचा?"

"सोड गड्या."

"आईची आण हाय तुला. बोल."

शिदबानं दाजींकडं बघितलं. शेवटी दाजी बोलले. "तुमची मंडळी आली हुती. आमच्या दोघांच्याबी पाया पडली. म्हणली, त्यास्नी हरवू नका. हरलं की जेवत न्हाईत, अन् जेवलं न्हाईत तर वाचत न्हाईत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "आता खरं खेळायचं," म्हणलो, अन् दिवस मावळायच्या आत सगळं चिंचोकं हरलो. घरी गेलो. हिच्याकडं न बघता दोन भाकरी गिळल्या. हिनं तिसरी वाढली, तीबी खाल्ली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधीच होती. सुटलात."

मी इचारलं, "हिनं तुमचंबी पाय धरलं काय?"

मला वाटलं, हसतील. हसले न्हाईत. "आराम करा," म्हणले अन् पुढच्या खाटेकडं गेले.

काल लय दिवसांनी छपरात जाऊन बसलो. जेवढं डाव झालं, तेवढं सगळं मीच जिंकलो.

शिदबाची पानं उलटी करून बघितली न्हाईत. घरी आलो अन् गपगुमान जेवलो.