आवाज नसलेला कॅमेरा

गाडी पुढे न्यायला भिकूची ना नसे. मागे घ्यायची म्हटलं की हात गिअरवर थिजायचा. जिथे टेम्पो वळत नाही, अशा बागांची भाडी त्याने गेला हंगामभर नाकारली. २००९चा आंबा आला तेव्हा त्याला बोलावणाऱ्या बागा दोनच उरल्या होत्या. म्हणून मुलगी दीक्षा त्याला मिरजोळ्याला सलिलच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात घेऊन आली. मागे कॅमेरा बसला तर बाप पुन्हा गाडी मागे घेईल, एवढीच तिची आशा होती.

आधी मागे बघायचं काम तिची आई करायची. चिऱ्याच्या गडग्यांमधल्या, दगडी कुंपणांमधल्या चिंचोळ्या वाटेत शालन खाली उतरायची आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब.

"भिकू, ही बायको नाय, तुझा मागचा आरसा हाय!" बागेतले गडी हसायचे.

"आरशाला चा लागत नाय, मला लागतो," शालन म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी राजापूरकडच्या एका बागेत सुक्या पाचोळ्यावरून तिचा पाय घसरला. ती गडगा आणि फाळक्याच्या मध्ये सापडून गेली. इंजिनाच्या आवाजात तिची थाप ऐकूच आली नाही, असं भिकूने पोलिसांना सांगितलं. दीक्षालाही तेच.

सलिलने दोन कॅमेरे मांडले. एकात नुसतं चित्र, दुसऱ्याला माईकही.

"काका, हाच घ्या. मागे कोण खोकला तरी पुढे ऐकू येईल."

"साधा बस झाला," भिकू म्हणाला.

"आवाजवालाच घ्यायचा," दीक्षा म्हणाली. "त्या दिवशी ऐकू आलं असतं तर आई..."

सलिलने माईक तात्पुरता जोडला, भिकूला केबिनमध्ये बसवलं. दीक्षाने मागे जाऊन फाळक्यावर थापा मारल्या. एक, दोन, तीन, चार. स्पीकरमधून त्या भिकूच्या कानाशी वाजल्या.

तो खाली उतरला. फाळका धरून उभा राहिला.

"ऐकलं हुतं मी," तो म्हणाला. "ती दोन्ही हातांनी मारत हुती. लय थापा. मला वाटलं, येऊ दे म्हणतेय. मी आणखी मागं घेतली."

दीक्षाने फाळक्यावरचा हात काढून घेतला. मग सलिलला म्हणाली, "आवाज नसलेला बसवा."

फिटिंगला तासभर लागला. ती बाकावर बसून होती. काम झाल्यावर उठली आणि टेम्पोत न बसता एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

टेम्पोचं तोंड दुकानाच्या भिंतीकडे होतं. भिकूने रिव्हर्स टाकला, तसा केबिनमधला कॅमेऱ्याचा पडदा उजळला. त्यात दीक्षाची पाठ होती, लहान होत जाणारी. ती चित्राबाहेर गेली. रस्ता मोकळा दिसत होता. ब्रेकवरचा पाय मात्र त्याला उचलवत नव्हता.