पिन मारलेली शेवटची पानं

कपाट आवरताना एक जुनी भयकथा हाती आली, पिनेचा गंज बोटाला लागला, आणि त्या वासासरशी जे. पी. नगरच्या हॉस्पिटलातली ती दुपार आठवली. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आणि मला भुतांच्या, परग्रहावरच्या राक्षसांच्या स्वस्त कादंबऱ्यांचं भारी वेड. आधी वाचेल त्यानं शेवटची पानं पिन मारून बंद करायची आणि शेवट मेलं तरी सांगायचा नाही, हा आमचा लहानपणापासूनचा नियम. त्या दुपारी सलाइनच्या हातानं तिला पुस्तक धरवेना, म्हणून मीच वाचून दाखवत होतो. विहिरीतलं ते काहीतरी काठाशी आलं आणि नेमकी माझी पिन आली. "स्वल्प शेवट सांग की रे, जरासा," अक्का तिच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "तेवढं सगळं कोण वाचत बसतं." डॉक्टरांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. नियम मोडून शेवट सांगितला तर तिला संशय येईल, या भीतीनं मी मुद्दाम दटावलं, "नियम म्हणजे नियम! उद्या वाचू." ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सरी, बरं. उद्या." तो उद्या तिला मिळाला नाही. आज ती गंजकी पिन बघताना वाटतं, तिला सगळं ठाऊक होतं. नाहीतर अक्कानं जन्मात कधी शेवट विचारला नसता.