पार्सल मिळणार नाही

हा किस्सा मी हसत सुरू करते आणि संपवताना माझा आवाज चढलेला असतो. घरच्यांना हे इतकं पाठ झालंय की मी मंडपापर्यंत पोचले की ते खिडक्या लावून घेतात. तेव्हा मंडपापासूनच सुरुवात करते.

दसरा होऊन गेला होता. सोयाबीन निघालं होतं, कापूस फुटायला लागला होता, आणि ऑक्टोबरचं ऊन असं होतं की सावलीलासुद्धा घाम यावा. आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, तिघी पन्नाशीच्या आसपास, आणि आम्हाला तंबूत राहायचं होतं. तिघींच्या घरी एकच प्रश्न विचारला गेला: बायका? तंबूत? जणू आम्ही सर्कस काढतोय. माझ्या नवऱ्याने तर सापाची इतकी वर्णनं केली की सापाला ऐकून लाज वाटली असती.

तंबूंची जबाबदारी आमच्यातल्या एकीने घेतली. तिच्या नवऱ्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, म्हणून तिला मी इथे मंडपवाली म्हणते. कुंभार पिंपळगावच्या पुढे, गोदावरीच्या काठाला तिच्या भावाचं शेत आहे. शनिवारी दुपारी आम्ही तिथे पोचलो, टेम्पो आला, आणि त्यातून उतरला लग्नाचा शामियाना. लाल-पिवळा, झालरीचा. त्यामागून नवरा-नवरीच्या सिंहासनासारख्या दोन खुर्च्या. मी विचारलं, हे काय? मंडपवाली शांतपणे म्हणाली की तंबू म्हणजे तंबूच असतो, आणि खुर्च्या टेम्पोतच होत्या, उतरवल्या. तासाभरात आजूबाजूच्या शेतांतले लोक लग्न कुणाचं आहे हे विचारायला आले. मी त्यांना सांगितलं, माझंच, दुसरं, नवरदेव वाटेत आहे. एक आजोबा खरंच थांबून राहिले.

आमची तिसरी मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला मास्तरीण म्हणते. ती या सगळ्या गोंधळाकडे बघतसुद्धा नव्हती. सावलीला बसून अंबाडी निवडत होती. चार मोठ्या जुड्या, एकेक पान वेगळं. कारण दुसऱ्या दिवशी तीर्थपुरीत खाद्य महोत्सव होता आणि तिथे तिने स्टॉल घेतला होता.

आता तीर्थपुरीचं सांगायला हवं. आम्ही तिघी तिथल्याच शाळेत शिकलो, एका बाकावर, शेवटच्या. वडिलांच्या बदलीमुळे मी गावात उपरी होते. मंडपवालीच्या घरी उर्दू बोलायचे. मास्तरीण बौद्ध वस्तीतली. आमचे तिघींचे डबे एकत्र उघडायचे. बाकीच्या वर्गाला आमच्या डब्यांशी काही देणंघेणं नव्हतं. खरं म्हणजे फार होतं, म्हणून तर ते लांब बसायचे.

पुढे मास्तरीण शिकली, नोकरीला लागली, गावात घर बांधलं. लोक तिच्याकडे येतात, तिला मॅडम म्हणतात, मुलांच्या प्रवेशासाठी सल्ला विचारतात. आणि काही खाल का म्हटलं की सगळ्यांचं पोट भरलेलं असतं. बिस्किटाचा पुडा चालतो. बाटलीचं पाणी चालतं. जे बंद आहे, ज्याला तिचा हात लागलेला नाही, ते सगळं चालतं. कुणी तिला वाईट बोलत नाही, भांडायला जागाच ठेवत नाहीत. या गोष्टीचा मला जेवढा राग येतो तेवढा मला आजवर कुठल्याच शिवीचा आलेला नाही.

मी तिला विचारलं की स्टॉलवर मटण का नाही ठेवत, तिच्या हातचं मटण म्हणजे काय ते मला माहीत आहे. ती अंबाडीच्या काड्या बाजूला टाकत म्हणाली, "मटण ठेवलं तर म्हणतील आम्ही माळकरी. अंबाडीला कोण काय म्हणणार? अंबाडी तर त्यांच्याबी घरी शिजते. मला बक्षीस नको न्‌ काही नको. गावातल्यांनी माझ्यापुढं बसून माझ्या हातची भाकर खावी. बस, येवढंच."

एवढंच. पन्नाशीला आलेल्या, दोन पदव्या असलेल्या बाईची इच्छा एवढीच.

संध्याकाळी तिला फोन आला. महोत्सवाचा अध्यक्ष म्हणजे आमच्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा. आता गावातला मोठा माणूस. त्याने आनंदाची बातमी दिली: उद्या व्यासपीठावर मॅडमचा सत्कार आहे. गावाची लेक, आदर्श शिक्षिका वगैरे. मास्तरणीने सांगून पाहिलं की माझा स्टॉल आहे, मला भाकरी थापायच्या आहेत. तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे.

मंडपवाली खुश झाली. मी नाही झाले. मला सत्कार ओळखू येतो. आपल्याकडे एखाद्याचं ऐकायचं नसलं की त्याला शाल घालून खुर्चीत बसवतात.

रविवारी सकाळी नऊला आमची चूल तयार होती. शामियान्याचा तुकडा आम्ही स्टॉलवर लावला होता, पुढे सतरंजी अंथरून त्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्याही मांडल्या होत्या, त्यामुळे सगळ्या महोत्सवात आमचाच स्टॉल नवरीसारखा दिसत होता. मास्तरणीने अंबाडी उकडून पिळून घेतली, तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे घालून पातेलं शिजवलं. बाजूला लसणाची फोडणी. नवी बाजरी दळून आणली होती. वास असा सुटला की शेजारच्या धपाट्यांच्या स्टॉलवरची बाई दोनदा येऊन पातेल्यात डोकावून गेली.

पण उद्घाटनाशिवाय कुणी कुणाला वाढायचं नव्हतं, आणि प्रमुख पाहुणे यायचे होते. ते दीड तासाने आले. फीत कापली, दिवा लावला, स्वागतगीत झालं, आणि स्टॉल उघडले. बरोबर त्याच क्षणी माइकवरून पुकारा झाला: सत्कारमूर्तींनी व्यासपीठावर यावं.

ती गेली. जाताना म्हणाली, "आलेच. भाजी मंद आचेवर ठेव, भाकरी कर तोवर."

वाचकहो, मी जालन्यात बँकेत अधिकारी आहे. माझ्या पोळ्या चांगल्या होतात. भाकरी मात्र मी थापते तेव्हा ती परातीत असेपर्यंतच भाकरी असते. उचलली की महाराष्ट्राचा नकाशा होते, आणि तव्यावर पडली की त्याचे जिल्हे वेगळे होतात. मंडपवाली म्हणाली, "तू बाजूला हो, मी बघते," आणि तिने तवाच उलटा ठेवला. लोक येत होते, मॅडम कुठे आहेत विचारत होते, आम्ही स्टेजकडे बोट दाखवत होतो, आणि ते सुटका झाल्यासारखे पुढे सरकत होते. पुरणपोळीपुढे रांग. धपाट्यांपुढे रांग. आमच्यापुढे दोन सिंहासनं, रिकामी.

आणि स्टेजवर काय चाललं होतं? ती सोफ्यावर बसली होती, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. पाच मिनिटं कधीच संपली होती. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, मग ज्यांनी सत्काराचं सामान आणलं त्यांचा. मग अध्यक्ष बोलायला उभा राहिला. म्हणाला, आमच्या गावात भेदभाव कधी नव्हताच. आम्ही सगळे एका शाळेत शिकलो, एका पंगतीला जेवलो.

एका पंगतीला!

माझ्या हातात लाटणं असतं तर मी सरळ स्टेजवर गेले असते. भाकरीला लाटणं लागत नाही म्हणून तो वाचला. मंडपवालीने माझा पदर धरून ठेवला होता. ती म्हणाली, "जाऊ नको. तिला जल्दी न्हाई, तुलाच जल्दी है." मी खरंच विचार करत होते की माइकची वायर कुठून जाते, कारण मंडपवाली शेजारी असताना वायर सापडणं अवघड नसतं. पण तेवढ्यात अध्यक्षाने मॅडमना दोन शब्द बोलायची विनंती केली.

ती उठली. शाल नीट केली. मला वाटलं, आता आभार मानेल, शाळेतली बाई आहे, तिला सवय आहे. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "माझी भाजी आटून राह्यली. ज्याला माझं कौतुक करायचंय, त्यानं माझ्या स्टॉलवर येऊन जेवावं."

आणि खाली उतरली. नारळ सोफ्यावरच राहिला.

ती सरळ स्टॉलवर आली. माझ्या भाकरीचे तुकडे गोळा करून बाजूला ठेवले. मग गळ्यातली शाल काढली, तिची घडी केली आणि त्या घडीने धरून पातेलं चुलीवरून उतरवलं. शाल चांगली जाड होती. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि तिच्या हाताचा तो थप थप आवाज सुरू झाला.

पहिली आली ती शेजारची धपाटेवाली. डबा घेऊन. म्हणाली, मॅडम, एवढी भाजी द्या, घरी नेऊन सगळे मिळून खातो. मास्तरणीने भाकरी उलटली. "पार्सल मिळणार न्हाई, बाई. इथं बसा, वाढते."

धपाटेवाली हसली, माझ्या स्टॉलवर कुणी नाही म्हणाली, आणि गेली. तिच्या मागे आणखी दोघं-तिघं डबे, पिशव्या घेऊन आले. त्यांनाही तेच उत्तर. मला भीती वाटायला लागली की पातेलं भरलेलं परत न्यावं लागेल. मी तिला हळूच म्हटलं, दे ना, निदान खातील तरी. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परातीला पाणी आणायला गेले.

मग मंडपवालीच्या टेम्पोचा ड्रायव्हर बसला. त्याच्या शेजारी मास्तरणीच्या वस्तीतल्या दोन बायका. मग कॉलेजच्या चार मुली, ज्यांना काहीच माहीत नव्हतं आणि ज्यांनी फोडणी तीनदा मागितली. लोकांनी लांबून बघायला सुरुवात केली. कुणी म्हणालं वास भारी आहे. कुणी म्हणालं जाऊ का. जात मात्र नव्हतं.

आणि अध्यक्ष आला. एकटा येईल तर अध्यक्ष कसला? मागे पाच-सहा कार्यकर्ते, एक फोटोवाला. हातात स्टीलचा चकचकीत डबा. म्हणाला, "पाहुण्यांना न्‌ मला तुझी भाजी लागती बरं का. भरून दे येवढं."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात तीस वर्षं साठलेलं सगळं तयार होतं, क्रमाने, बिस्किटाच्या पुड्यांसह. मास्तरणीने माझ्याकडे न बघता हात आडवा केला. "तू गप बस. त्याला ठरवू दे."

मग त्याला म्हणाली, "पार्सल मिळणार न्हाई. बसणार असशील तर वाढते."

तो हसला. मागे बघितलं. मागचे लोक इकडेतिकडे बघायला लागले. त्याने सांगितलं की पाहुण्यांबरोबर जेवण ठरलंय, परत येतो. ती म्हणाली बरं, आणि भाकरी थापत राहिली. तो गेला नाही. डबा या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मला त्याचं तोंड नीट दिसत होतं. तिथे लाज नव्हती, नसती लाज दाखवून मी ही गोष्ट गोड करणार नाही. त्याच्या तोंडावर हिशोब होता: बसलो तर घरी काय म्हणतील, नाही बसलो तर इथे काय म्हणतील. भाकरी खायची की नाही याला इतका विचार!

शेवटी त्याने डबा एका कार्यकर्त्याकडे दिला आणि सिंहासनात बसला. सतरंजीवर तेव्हा जागाच नव्हती. फोटोवाला पुढे झाला. मास्तरणीने ताट मागे ओढलं. "फोटो न्हाई. जेव."

फोटोवाला मागे सरला. अध्यक्षाने भाकरी मोडली, भाजीत बुडवली, तोंडात घातली. चावायला जरा वेळ लावला. मग दुसरा घास घेतला. मग म्हणाला, "तिखट केली."

"आमच्याकडं अशीच करतात," ती म्हणाली, आणि वरून आणखी फोडणी ओतली.

आणि कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना सवयच आहे, अध्यक्षाने काही केलं की टाळ्या. मागच्या गर्दीनेही वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले. म्हणजे बघा, एका माणसाने आयुष्याची पन्नास वर्षं काढून शेवटी दुपारचं जेवण केलं, आणि कौतुक कुणाचं? त्याचं. थापणारी खाली बसलेली, हात पिठाने भरलेले, धुराने डोळे लाल, आणि टाळ्या खाणाऱ्याला. इथेच माझा आवाज चढतो, आणि खिडक्या घरच्यांनी आधीच लावलेल्या असतात.

मास्तरणीचा आवाज चढला नाही. चौथीच्या वर्गाला सांगावं तसं तिने गर्दीला सांगितलं, "टाळ्या कशाच्या वाजवून राह्यले? हात मोकळे असतील तर धुवा न्‌ बसा."

टाळ्या थांबल्या. बऱ्याच जणांना तेवढ्यात कामं आठवली. डबा धरलेला कार्यकर्ता तो डबा कुठे ठेवावा या विचारात पडला. दोघंजण मात्र बादलीपाशी गेले, हात धुतले आणि मुली उठल्या तिथे सतरंजीवर बसले. तिने त्यांच्याकडे बघितलं, दोन ताटं पुढे सरकवली, आणि मला म्हणाली, पीठ आण, आणखी दोन लागतील.